घाटात शर्यत मागून बघायची: साताऱ्यात बसून टूर द फ्रान्स

टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्समधली जुलैतली सायकल शर्यत, बघायला लागलो त्या पहिल्या वर्षी मी तीन आठवडे चुकीच्याच माणसाकडे बघत बसलो. रोज संध्याकाळी टीव्ही लावला की कुणीतरी चार-पाच मिनिटं पुढे सुटलेला असायचा आणि मी घरात जाहीर करायचो, "हा जिंकतोय." बऱ्याचदा शेवटच्या पंधरा किलोमीटरमध्ये मागचे येऊन त्याला गिळायचे. कधी तो खरंच पहिला यायचा, तरी एकूण यादीत त्याचं नाव कुठेतरी खाली सापडायचं. बैलगाडा शर्यती बघत वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. आपल्याकडे जो पुढे तो पुढे. काही सेकंदांत निकाल, गुलाल, विषय संपला. टूरमध्ये, त्यातही डोंगरात, पुढचा माणूस बहुतेक वेळा त्या दिवसाचा पाहुणा असतो. खरी भांडणं मागे चाललेली असतात. म्हणून कोण सुटला यापेक्षा कोण तुटला, हे बघायला शिकायचं.

सायकल चालवत असाल तर उत्तम. यवतेश्वरचा घाट एकदा तरी धापा टाकत चढला असाल तर त्याहून उत्तम. पण ती अट नाही.

आधी हिशेब

टूर द फ्रान्स म्हणजे २३ दिवसांत २१ टप्पे. मध्ये दोन दिवस विश्रांती, बहुतेक करून सोमवारी. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ रोज बेरजेत पडतो आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. त्यामुळे टप्पा जिंकणारा एक आणि शर्यत जिंकत असलेला दुसराच, हे जवळजवळ रोजचं आहे. घोळक्याने एकत्र आलेल्यांना एकच वेळ मिळते. टप्प्यातल्या पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते. दहा सेकंदांनी काय होतं, असं वाटत असेल तर १९८९ आठवा. तीन हजारांहून जास्त किलोमीटर सायकल चालवल्यावर ग्रेग लेमाँडने लॉराँ फिन्योंला फक्त ८ सेकंदांनी हरवलं होतं.

बाकीच्या जर्सी पटकन सांगतो. हिरवी गुणांची, म्हणजे मुख्यतः सपाटीवर वेगाने शेवट मारणाऱ्यांची, १९५३ पासून. लाल ठिपक्यांची डोंगराच्या राजाची आणि पांढरी तरुणांतल्या सर्वोत्तमाची, दोन्ही १९७५ पासून. यातली ठिपक्यांची जर्सी फसवी आहे. ती घातलेला माणूस सर्वांत चांगला चढणारा असेलच असं नाही. रोज लवकर सुटून वाटेतल्या खिंडींवरचे गुण वेचणारा चिकाटीचा माणूसही ती मिळवतो. मेमधली इटलीची जिरो आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधली स्पेनची व्हुएल्टा यांचा हिशेब असाच चालतो, फक्त तिकडे पिवळ्याऐवजी गुलाबी आणि लाल.

प्रत्येक संघात आठ जण. त्यांतला एक म्होरक्या आणि बाकीचे त्याच्यासाठी राबणारे. फ्रेंचमध्ये त्यांना दोमेस्तिक म्हणतात, म्हणजे सरळ घरगडी. ते मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणतात, वारा अंगावर घेतात, म्होरक्याची सायकल बिघडली तर स्वतःची देऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात. आज हे सगळं साहजिक वाटतं, पण १९१३ मध्ये कुणाचीही मदत घेणं नियमाबाहेर होतं. त्या वर्षी तूरमाले खिंडीच्या उतारावर युजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचं चाक धरणारा फोर्क मोडला. गडी सायकल खांद्यावर टाकून कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावात गेला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. लोहाराच्या पोराने भाता हलवला म्हणून त्याला वर दंडही झाला! सहा वर्षांनी, १९१९ मध्ये, पिवळी जर्सी पहिल्यांदा निघाली तेव्हा ती घालणारा पहिला माणूस हाच होता. शर्यत मात्र त्याला कधीच जिंकता आली नाही.

२१ पैकी कुठले टप्पे बघायचे

सगळे बघू नका. नोकरी-धंदा, घर सांभाळून ते होत नाही आणि गरजही नाही. सपाट टप्प्यांत चार तास काही घडत नाही. हेलिकॉप्टरमधून किल्ले आणि सूर्यफुलांची शेतं दाखवतात, छान दाखवतात, पण ते इस्त्री करता करता बघितलं तरी चालतं. तुम्हाला हवेत डोंगरातले पाच-सहा दिवस आणि एखादा घड्याळाविरुद्धचा टप्पा, म्हणजे ज्यात एकेकट्याला सोडून नुसती वेळ मोजतात तो.

शर्यतीचा मार्ग आदल्या ऑक्टोबरमध्ये जाहीर होतो आणि प्रत्येक टप्प्याचा उंचीचा आलेख अधिकृत संकेतस्थळावर मिळतो. तो वाचता आला की अर्धी शर्यत कळली. चढांना ४, ३, २, १ असे वर्ग असतात. चौथा सर्वांत सोपा, पहिला अवघड आणि त्याच्याही वर 'वर्गाबाहेरचा'. वर्गाबाहेरच्या चढावर पहिल्याला डोंगराचे २० गुण मिळतात, पहिल्या वर्गाच्या चढावर १० आणि चौथ्या वर्गाच्या टेकाडावर फक्त १. पण वर्ग बघून थांबू नका. आलेखावर तीन गोष्टी शोधा.

पहिली, शेवटचा चढ कुठे आहे. टप्पा माथ्यावरच संपत असेल तर सगळे त्या चढाची वाट बघत बसतात आणि स्फोट शेवटच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये होतो. शेवटच्या खिंडीनंतर उतार आणि मग गाव असेल तर धाडसी उतरणाऱ्याचा दिवस. आणि खिंडीनंतर वीस किलोमीटरची सपाट दरी असेल तर तो टप्पा कागदावर दिसतो त्यापेक्षा बेचव निघण्याची शक्यता जास्त, कारण एकट्याने सुटलेला माणूस त्या दरीत वाऱ्यात मरतो.

दुसरी, सरासरीच्या आत काय दडलंय. 'सरासरी ७ टक्के' म्हणजे सगळीकडे ७ असं नसतं. मध्ये दोन किलोमीटरची सपाटी असेल तर उरलेला चढ आपोआप जास्त उभा असणार. कोल द ला लोझसारख्या खिंडीत शेवटाकडे २० टक्क्यांहून उभे तुकडे आहेत. सरासरीच्या आकड्यात ते दिसत नाहीत, तोडतात मात्र तेच.

तिसरी, समुद्रसपाटीपासूनची उंची. दोन हजार मीटरच्या वर हवा विरळ होते आणि खाली भारी असलेले काही गडी वर एकदम साधे होतात. गालिबिये खिंड २,६४२ मीटरवर आहे. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी जवळजवळ हजार मीटर वर डांबरी रस्ता आहे आणि त्यावरून ही माणसं शर्यत लावतात.

टक्क्यांचा अर्थ अंगात उतरवायचा असेल तर पसरणीचा घाट हा आपला फूटपट्टी-घाट. वाई साधारण ७२० मीटरवर, पाचगणी १,२९० च्या आसपास, अंतर सुमारे १२ किलोमीटर. म्हणजे ५७० मीटरचा चढ आणि सरासरी पाच टक्क्यांच्या आतबाहेर. आता टूरमधला गाजलेला चढ, आल्प द्युएझ घ्या: १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के, २१ वळणं. हिशेब केला तर ११०० मीटरहून जास्त चढ. पसरणीची उंची दोनदा घेतली आणि रस्ता मात्र जवळपास एकदाचाच. तोही दीडशे किलोमीटर चालवून झाल्यावर. पहिल्या फळीतले गडी हा चढ चाळीस मिनिटांच्या आसपास मारतात, म्हणजे ताशी वीसच्या वेगाने. तुमची पसरणीची वेळ काय आहे ते मी विचारत नाही. माझीही विचारू नका. (हा प्रयोग जुलैत करू नका. पावसात आणि धुक्यात पाचगणीहून उतरणाऱ्या गाड्यांना सायकल दिसत नाही. दसऱ्यानंतर पहाटे जा, मागे लाल दिवा लावून.)

संध्याकाळचं वेळापत्रक

उन्हाळ्यात फ्रान्सचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. टप्पे तिकडे दुपारी सुरू होऊन पाच-साडेपाचच्या सुमारास संपतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ ते नऊ. ऐन जेवणाची आणि मालिकांची वेळ. टीव्हीवरचा हक्क आधीच वाटाघाटी करून ठरवून घ्या. आमच्याकडे 'डोंगराचे सहा दिवस माझे, बाकी सगळे तुमचे' असा तह झाला आहे आणि तो टिकला आहे.

थेट प्रक्षेपण कुणाकडे आहे ते बदलत राहतं. जूनच्या शेवटी एकदा तपासा आणि वर्गणी भरण्याआधी त्यात टूर खरंच आहे का ते बघा. काहीच जमलं नाही तर अधिकृत यूट्यूब वाहिनीवर टप्प्याचा काही मिनिटांचा सारांश येतो. साताऱ्यात जुलै म्हणजे पाऊस आणि पाऊस म्हणजे वीज. एका वर्षी शेवटचे चार किलोमीटर उरले असताना आमच्या आळीतली वीज गेली ती दोन तासांनी आली. तेव्हापासून मी सातलाच मोबाइल पूर्ण भरून ठेवतो आणि शर्यतीच्या संकेतस्थळावरचं लेखी धावतं वर्णन उघडून बाजूला ठेवतो. त्याला नेटही कमी लागतं.

डोंगराच्या दिवशी शेवटच्या चढाच्या आधीचा चढ सुरू होतो तिथून बघायला बसा. फक्त शेवटचे पाच किलोमीटर बघितले तर तुम्हाला निकाल कळेल, कारण कळणार नाही. आणि एक छोटी वही घ्या. बसण्याआधी त्यात एकूण यादीतले पहिले पाच जण, त्यांचे संघ आणि त्यांच्यातलं अंतर एवढंच लिहा. एकशे ऐंशीच्या आसपास सायकलपटूंपैकी तुम्हाला या पाचांशी मतलब.

चढ सुरू झाल्यावर कुठे बघायचं

पडद्यावर गट दाखवतात. पाटी फ्रेंचमध्ये आली तर 'तेत द ला कूर्स' म्हणजे सर्वांत पुढचे, 'पूरसुइव्हाँ' म्हणजे पाठलागावरचे आणि 'मायो जोन' म्हणजे पिवळी जर्सी ज्या गटात आहे तो. तुमचा गट हा तिसरा.

पुढच्यांचं काय होणार याचा ढोबळ अंदाज एका जुन्या आडाख्याने बांधता येतो. रोबेर शापात या फ्रेंच समालोचकाच्या नावाने तो ओळखला जातो: एकट्या सुटलेल्याला टिकायचं असेल तर उरलेल्या प्रत्येक १० किलोमीटरमागे एक मिनिट हवं. तीस किलोमीटर उरले आणि दोन मिनिटं हातात, तर गडी बहुधा सापडणार. पण हा आडाखा सपाटीचा. ताशी ४५ च्या वेगात दुसऱ्याच्या मागे बसलं की साधारण तिसरा हिस्सा मेहनत वाचते, म्हणून घोळका एकट्याला खातो. उभ्या चढावर वेग वीसच्या खाली गेला की वाऱ्याचं काम कमी होतं आणि मागे बसण्याचा फायदाही. तिथे प्रत्येक जण ज्याच्या त्याच्या पायांवर. म्हणून टूरचा निकाल डोंगरात लागतो.

अंतर मिनिटांत दाखवतात, ते मनात मीटरमध्ये करा. वीसच्या वेगाने एक मिनिट म्हणजे साधारण ३३० मीटर, पुढच्याची पाठ वरच्या वळणावर दिसते. उतारावर सत्तरच्या वेगाने तेच एक मिनिट म्हणजे एक किलोमीटरहून जास्त, दृष्टीआड. घाटात तीस सेकंदांनी मागे पडलेला म्हणूनच आशा सोडत नाही.

आता पिवळ्या जर्सीच्या गटात शेपटाकडे बघा. दर दोन किलोमीटरला मोजा की कुठल्या म्होरक्याजवळ किती घरगडी उरलेत. पुढे चार-पाच जण एकाच रंगाच्या जर्सीत ओळीने ओढत असतील तर ते दिखावा करत नाहीत. वेग इतका ठेवतात की दुसऱ्या कुणाला उसळी मारताच येऊ नये आणि प्रतिस्पर्ध्याचे सोबती एकेक करून गळावेत. शेवटचा सोबती गळला की म्होरका उघडा पडतो. मग त्याचा चेहरा वाचा. तुटणारा माणूस आधी एक-एक चाक मागे सरकत शेवटच्या जागी येतो. खांदे डुलायला लागतात, जर्सीची चेन (झिप) खाली येते, पुढच्याच्या चाकात आणि त्याच्या चाकात एक मीटर फट पडते. ती फट दोन मीटरची झाली की संपलं. कॅमेरा तोपर्यंत पुढच्याला दाखवत असतो. तुम्ही कोपऱ्यातली फट बघायची.

याचा धडा म्हणून २०२२ चा अकरावा टप्पा शोधून बघा, अल्बेरव्हिल ते ग्रानों खिंड. पिवळी जर्सी तादेय पोगाचारकडे होती आणि तोवर तो हरेल असं वाटतच नव्हतं. शेवटच्या चढाच्या कितीतरी आधी, गालिबियेच्या रस्त्यावर, जुम्बो-व्हिस्मा संघाच्या दोघांनी, रोग्लिच आणि योनास विंगेगार्डने, त्याला आळीपाळीने डिवचायला सुरुवात केली. एकाने उसळी मारायची, पोगाचारने धावून पकडायचं, लगेच दुसऱ्याने उसळी मारायची. त्याच्या जवळ संघाचा कुणी नव्हता. प्रत्येक वेळी त्याने स्वतः उत्तर दिलं, हसत दिलं. मी त्या दिवशी वहीत 'पोगाचार फॉर्मात' असं लिहिलं होतं! तासाभराने ग्रानोंवर, शेवटच्या पाच किलोमीटरच्या आत, विंगेगार्ड सुटला आणि पोगाचार जागच्या जागी विझला. माथ्यावर पोचेपर्यंत २ मिनिटं ५१ सेकंद गेली होती. निकाल ग्रानोंवर लागला, पण शर्यत गालिबियेवर झाली होती.

खाण्याकडेही लक्ष ठेवा. हल्ली हे लोक डोंगराच्या दिवशी तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात ढकलतात, म्हणजे तासाला चार-पाच केळी, पाच तास सलग. अंगात साखर संपली की कितीही मोठा माणूस दहा मिनिटांत लहान होतो. गळ्यात पिशवी अडकवून रस्त्याकडेला उभी असलेली संघाची माणसं याचसाठी. आणखी एक जुनी पद्धत: माथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीच्या आत छातीवर कोंबायचं, म्हणजे घामाने भिजलेल्या अंगाला उतारावर वारा लागत नाही. डिसेंबरात पहाटे कासहून उतरताना मी 'ऐक्य'चं पान वापरून बघितलंय, चालतं.

शेवटची बस

पहिल्याने रेषा ओलांडली की सगळे टीव्ही बंद करतात. अजून अर्धा तास थांबा. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के मिळवून ती काढतात. समजा विजेत्याला पाच तास लागले आणि त्या दिवशी सूट १२ टक्के असेल, तर ३६ मिनिटांत न पोचणारा दुसऱ्या दिवशी घरी. सपाटीवरचे धिप्पाड वेगवान गडी डोंगरात एकत्र गट करून, हिशेब मांडत, कुणाला मागे न सोडता वर येतात. या गटाला ग्रुपेत्तो म्हणतात, बोलीत बस. २०२४ मध्ये पहिल्याच दिवशी इटलीतल्या उन्हात मार्क कॅव्हेंडिश या अशाच वेगवान गड्याला उलट्या झाल्या आणि तो मागे पडला. संघातल्या घरगड्यांनी त्याला सांभाळून मर्यादेच्या आत आणलं. पाचव्या टप्प्याला त्याने टूरमधला आपला एकूण ३५ वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा ३४ चा विक्रम मोडला.

आणि पुरुषांची टूर संपली म्हणून वही मिटू नका. महिलांची टूर द फ्रान्स २०२२ पासून नव्याने सुरू झाली आहे. दिवस कमी, त्यामुळे साठवून ठेवायला वाव नाही आणि भांडण लवकर पेटतं. २०२४ ला शेवटचा टप्पा आल्प द्युएझवर संपला. डेमी व्होलरिंगने टप्पा जिंकला, पण काशिया न्येव्ह्यादोमाने मागून येऊन एकूण शर्यत ४ सेकंदांनी राखली. त्या दिवशीही मागचीकडे बघणाऱ्यांनाच खरी शर्यत दिसली.

प्रत्यक्ष जायचं झालं तर

लोणंदला किंवा तरडगावला पालखीच्या वाटेवर उभं राहायची सवय असेल तर निम्मी तयारी झालेली आहे. रस्ता सकाळपासून बंद, गाडी लांब लावून पायपीट, तासन् तास वाट आणि मग बघता बघता सगळं समोरून निघून जातं. तिकीट नसतं. जवळचा प्रयोग करायचा तर पुणे जिल्ह्यात जानेवारी २०२६ मध्ये पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यत झाली आहे. अशी संधी आली तर सपाट रस्त्यावर उभे राहू नका, चढ गाठा. सपाटीवर घोळका पंधरा सेकंदांत जातो आणि नुसता वारा लागतो.

फ्रान्सला जायचं असेल तर मार्ग जाहीर झाल्या झाल्या एकच डोंगर निवडा. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तो जानेवारी-फेब्रुवारीतच करा. आल्प द्युएझसाठी ग्रनोब्ल शहर गाठून तिथून साधारण पन्नास किलोमीटरवर पायथ्याचं ल बूर द्वाझाँ. लोक आपल्या घर-गाड्या घेऊन काही दिवस आधीच घाटात मुक्काम ठोकतात, त्यामुळे वर राहायची आशा धरू नका. पायथ्याजवळ राहून पहाटे चालत चढा. वळणांना २१ पासून उलटे आकडे आहेत आणि प्रत्येक वळणावर तिथे जिंकलेल्यांची नावं. सातव्या वळणावर नेदरलँड्सवाल्यांचा नारिंगी धुमाकूळ असतो. तुम्हाला शर्यत बघायची असेल तर त्याच्या वर जा, नाचायचं असेल तर तिथेच थांबा.

सोबत टोपी, पाणी, पावसाळी कोट आणि खाणं. डोंगरावर दुपारी ऊन आणि तासाभरात गारा, असं होतं. शर्यतीच्या दीड-दोन तास आधी जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा येतो आणि टोप्या, गोळ्या, किचेन उधळत जातो. पोरं घेऊन गेलात तर त्यांच्यासाठी शर्यत तीच. सायकलपटू आले की एक पाऊल मागे. शेजारून पळायचं नाही, झेंडा रस्त्यावर आणायचा नाही, मोबाइलचा हात आत घालायचा नाही. २०२१ ला पहिल्याच दिवशी एका प्रेक्षकाने कॅमेऱ्याकडे बघत पुठ्ठ्याचा फलक रस्त्यात धरला आणि अर्धा घोळका आडवा झाला.

म्होरके गेले की आजूबाजूचे घड्या घालायला लागतील. तुम्ही बसून राहा. अर्ध्या तासाने बस येईल, त्यांत टाळ्या ऐकून मान वर करणारे चेहरे असतील. त्यानंतर एखाद-दुसरा एकटा, पार थकलेला. सर्वांत शेवटी येते ती शर्यत सोडणाऱ्यांना उचलून घेणारी गाडी. पूर्वी तिला खरोखरचा झाडू बांधलेला असायचा. ती समोरून गेली की मग चटई गुंडाळायची.